शाल एकाची, खांदा दुसऱ्याचा

"माणसं सांभाळायची म्हणजे काय, बापूजी! डाळ भरडण्यापेक्षा सोपं आहे!"

नाशिकच्या हॉटेलात मॅनेजर लोकांचा दोन दिवसांचा कोर्स करून पारस जळगावला परतला, तो तव्यावरच्या फुलक्यासारखा टम्म फुगून! वडील भंवरलाल यांची डाळमिल, पारस तिचा मॅनेजर. कामगारांशी त्याचं आजवरचं बोलणं म्हणजे "ए, ते पोतं उचल!" एवढंच. पण कोर्समध्ये सांगितलं होतं की माणसाला नावाने हाक मारा, त्याचं मन लावून ऐका आणि कौतुक करायचं तर चारचौघांत करा. भंवरलाल नुसते "हं" म्हणाले आणि पुढची पोळी घेतली.

सोमवारी सकाळीच पारस मिलमध्ये शिरला. चाळणीच्या यंत्रापाशी एक झुपकेदार मिशीचा माणूस घामाने निथळत काम करत होता. त्याच्या मागे पोत्यांवर दुसरा एक जण आ वासून झोपला होता.

"बन्सीलाल, तो कोण हो?" पारसने मुकादमाला विचारलं.

मुकादमाची नजर नेमकी पोत्यांवर गेली. "तो? तो रतिलाल, शेठ. पारोळ्याचा."

झालं! पारस तडक मिशीवाल्याकडे गेला आणि त्याचा हात हातात घेतला. "रतिलालभाऊ! कसे आहात?"

मिशीवाला दचकला. काहीतरी बोलला. यंत्रांचा खडखडाट असा, की स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येऊ नये! पारसने मान डोलावली. "छान, छान! बोला, मी ऐकतोय!" मिशीवाला पुन्हा बोलला. पारसने नंदीबैलासारखी आणखी जोरात मान डोलावली. आठवडाभर हेच चाललं.

शुक्रवारी गेटवरच्या फळ्यावर खडूने अक्षरं उमटली : 'या महिन्याचे उत्तम कामगार, श्री. रतिलाल. सत्कार उद्या.'

फळ्यापुढे हसून हसून माणसं वाकली! "शेठला ऊन लागलं का?" कोणीतरी म्हणालं.

बन्सीलालने सगळ्यांना दटावलं. "अरे, कोर्स करून आलेत ते! आळशाला शाल दिली की तो लाजून कामाला लागतो. नवी पद्धत असेल. कोणी मधे तोंड घालू नका!"

रतिलालने डोळे चोळून फळा वाचला आणि पारोळ्याला आईला फोन लावला.

शनिवारी मांडव उभा राहिला, माइक आला. पारस रंगात येऊन बोलू लागला, "या माणसाला मी कधी बसलेलं पाहिलं नाही!"

"बरोबर आहे, आडवाच असतो!" मागून आवाज आला. हशा!

पारसला वाटलं, भाषण जमतंय. "या, रतिलालभाऊ, या!"

शाल उघडून तो मिशीवाल्याकडे बघत राहिला. मिशीवाला जागचा हलला नाही. पुढे आला तो पोत्यांवरचा झोपाळू! इस्त्रीचा शर्ट, कपाळाला टिळा, मागे बायको, पोरं आणि पदराने डोळे पुसणारी म्हातारी आई, अक्का.

"मना पोऱ्यानी नाव काढं वं माय!" अक्का हुंदका देत म्हणाली.

"हा कोण?" पारस कुजबुजला.

"रतिलाल," बन्सीलाल म्हणाला.

"मग तो मिशीवाला?"

"तो तोताराम."

पारसची कानशिलं तापली. त्या म्हातारीसमोर 'चूक झाली' म्हणायचं? शाल रतिलालच्या खांद्यावर पडली. टाळ्या झाल्या. तोतारामने टाळी वाजवली नाही. तो उठला आणि निघून गेला.

संध्याकाळी पारस त्याच्या घरी जाऊन उभा राहिला. तोतारामच्या बायकोने, कुंदाबाईने, खुर्ची पुढे सरकवली.

"मला आधी सांगायचं ना, भाऊ!" पारस म्हणाला.

"सांगितलं की! सोमवारी म्हटलं, मी तोताराम. तुम्ही म्हणालात, छान छान. मंगळवारी ओरडून सांगितलं, तर तुम्ही पाठ थोपटली. फळा वाचला तेव्हा कळलं, काम माझं आणि नाव त्याचं. ही हसली. मला नाही हसू आलं, शेठ."

पारसने मान खाली घातली. कोर्समधलं एकही वाक्य आठवेना, ते बरंच झालं. तोताराम मग थांबलाच नाही. चाळणीचा पट्टा सारखा तुटतो इथपासून गेटवरच्या कोमट पाण्यापर्यंत सगळं निघालं. चहावर साय धरली, तरी पारस गप्प बसून ऐकत होता.

"चुकलं माझं," शेवटी तो म्हणाला. "सोमवारी सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगाच," तोताराम म्हणाला. "पण म्हातारी गावी गेल्यावर. तिच्यादेखत नको."

सोमवारी पारस लवकरच गेटवर आला. समोरून अक्का येत होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात रतिलालचं मनगट!

"अक्का, गावी कधी निघणार?" पारसने घाईने विचारलं.

"गाव? आते मी आठेच ऱ्हासू! बठ्ठा बिस्तरा लई उनू!" म्हणजे ती सगळं सामान घेऊन कायमची राहायलाच आली होती! अक्काने त्याच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "तुले माणूसनी पारख शे रे भाऊ!"

मागे सायकल लावत तोताराम उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पारसने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि अक्काचा डबा आत पोचवायला घेतला.