मान हलली की मंजूर

वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख रडत होते आणि कुलगुरू मॅडम मान हलवत होत्या.

अर्धं आयुष्य लोकांची दुःखं ऐकलेली मान ती. समोरचा बोलू लागला की आपोआप हलायची. अर्थ एवढाच : ऐकतेय, बोला.

"रोपांना जागा नाही, मॅडम. जीव गुदमरतो."

"हं. गुदमरतो."

"मग सभागृहाची गच्ची आम्हाला?"

मान आधीपासूनच हलत होती. विभागप्रमुख डोळे पुसत बाहेर गेले. दाराशी कुलसचिव उभे होते. त्यांना सगळे होयबा म्हणत.

"मंजूर," विभागप्रमुख म्हणाले.

"मी पाहिलं ना," होयबा म्हणाले.

दुपारी तीच गच्ची खगोलशास्त्राला गेली. दुर्बिणीतून आता फक्त पानं दिसत.

(इथे एक परिच्छेद होता. तो संगीत विभागाने मागितला.)

घरी नवरा म्हणाला, "अगं, तोंडाने 'नाही' म्हणायला काय जातं?"

"समोरच्याचं मन मिटतं."

"आणि विद्यापीठ मिटतं, त्याचं काय?"

मॅडमना विद्यापीठ नकोच होतं. त्यांना हवी होती जुनी इमारत संपते तिथली समुपदेशनाची खोली. दोन खुर्च्या, एक खिडकी. मुदत संपली की तिथे परत जायचं, एवढ्या एका आशेवर त्या हे पद ओढत होत्या.

नवऱ्याने मानेचा पट्टा आणून दिला.

पट्टा.

पट्ट्यात मान हलेना. लोक रडून रडून रिकाम्या हाताने जाऊ लागले. मॅडमना वाटलं, सुटले.

मग होयबा आले. "आपल्या आदेशाप्रमाणे समुपदेशनाची खोली व्यायामशाळेला दिलीय. भिंत पाडायला माणूस गेलाय."

"मी? कधी?"

"काल. वजनं उघड्यावर गंजतात, हे सांगताना क्रीडाप्रमुख रडू लागले. मान हलत नव्हती, म्हणून आपण पट्ट्यासकट कमरेतून वाकलात. इतकी ठाम मंजुरी मी आजवर पाहिली नव्हती."

मॅडम धावल्या. धाप लागली तसा पट्टा उपटून फेकला.

खोलीत गवंडी घण उचलून उभा होता.

"थांबा!"

तो थांबला. घण खाली ठेवला. "तुम्ही थांबा म्हणालात, मी थांबलो. आमच्या घरी मात्र कुणी ऐकत नाही, मॅडम."

खरं तर त्यांनी इथे म्हणायला हवं होतं : ही भिंत पाडू नका. तोंडही उघडलं होतं.

"घरी?" त्या म्हणाल्या. आणि खुर्चीवर बसल्या.

तो दुसऱ्या खुर्चीवर बसला. "लेक बोलत नाही माझ्याशी. तिने नोकरी सोडली, मी ओरडलो. आता ताट वाढते नि खोलीत जाते."

"हं. खोलीत जाते."

"रागाने नव्हतो ओरडलो. घाबरलो होतो." एवढं म्हणून तो गमछ्यात तोंड घालून रडला. बराच वेळ. मॅडमना किती दिवसांनी असं स्वच्छ, काही न मागणारं रडणं ऐकायला मिळालं होतं!

मग तो उठला, नाक पुसलं, घण उचलला. "तिला आज हेच सांगतो. मग पाडू ना आता?"

मान अजून हलतच होती.

धूळ बसायला वेळ लागला. खिडकी भिंतीबरोबरच गेली होती.

"फार हलकं वाटलं बघा," गवंडी म्हणाला. "पुढच्या आठवड्यात येऊ परत?"

"या ना," मॅडम म्हणाल्या.

"कुठे?"

विटांच्या ढिगावर उभे राहून दोघंही इकडेतिकडे बघू लागले.