एका टेबललॅम्पचे तीन मालक

माझ्या थोरल्या मुलीचं, ग्लेनिसचं, लग्न झालं त्या वर्षीची, म्हणजे १९६९ सालची ही गोष्ट. लग्न शनिवारी होतं आणि हा घोळ त्याच्या आदल्या गुरुवारी झाला. त्यामुळे तारीख विसरायची सोय नाही.

लंडनच्या पश्चिमेला, नदीकाठच्या एका टेलिव्हिजन स्टुडिओत मी सामान सांभाळायचो. दृश्यात पात्राच्या हाताला जे जे लागेल ते, कप, छत्री, मेलेला मासा, वेळेवर हजर करायचं, हे माझं काम. त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही सांगेन. इतर सामानवाले रिकामी किटली मांडत. माझ्या किटलीत चहा असे, आणि तो गरम असे.

त्या आठवड्यात डेस्मंड पर्किस साहेबांचा भाग होता. दहा वर्षं ते रेडिओवरच्या विनोदवीरांना विनोद लिहून देत होते. टाळ्या त्या विनोदवीरांना, आणि साहेबांचं नाव त्यांच्या शेजाऱ्यालाही ठाऊक नाही. आता कंपनीने प्रथमच त्यांना लेखनाबरोबर निर्मितीही दिली होती. एकच भाग, नमुन्यादाखल. समोर तीनशे प्रेक्षक बसवायचे आणि त्यांचं हसणं तिथल्या तिथे टेप करायचं. लोक हसले तर तेरा भाग, नाहीतर साहेब परत रेडिओवर. कंपनीचे वरिष्ठ हॅव्हरस्टॉक वर काचेमागे बसून स्वतः ऐकणार होते.

कथा साधी होती. एक गृहस्थ लिलावात टेबललॅम्प घेतो आणि तो कुठल्यातरी उमरावाच्या वाड्यातला आहे असं घरभर सांगत सुटतो. शेवटी त्याची अधू डोळ्यांची सासू लॅम्पची शेड टोपी समजून डोक्यावर घालते आणि प्रार्थनेला निघून जाते.

लॅम्प अर्थातच मी आणला. पितळी, हिरव्या शेडचा. कागदावर लिहिलं होतं, 'लॅम्प, न पेटणारा.' पण बल्ब नसलेला लॅम्प मांडणं माझ्या हातून होईना. मी बल्ब बसवला आणि प्लगही लावून ठेवला.

दुपारच्या तालमीत पर्किस साहेब बोलता बोलता टेबलाला टेकले आणि त्यांच्या बोटाने बटण दाबलं गेलं. लॅम्प पेटला.

वर शिडीवर बर्ट लव्हडे होता. दिवेवाल्यांचा पुढारी. तो एकेक पायरी मोजत खाली आला.

"हा कोणी पेटवला?"

"मी," साहेब म्हणाले. "चुकून."

"साहेब, तुम्ही लेखक. तुम्ही पेन्सिलीला हात लावा. पेटणारी वस्तू दिवेवाल्यांची. आणि गॅस्किन, यात बल्ब कोणी घातला?"

"मी घातला. लॅम्प माझा आहे."

"विझलेला होता तोवर तुझा होता."

त्याने बोटाने खूण केली आणि स्टुडिओतले सगळे मोठे दिवे विझले. दिवेवाले चहाला गेले. तेव्हा असंच असायचं. एकाच्या कामाला दुसऱ्याने हात लावला की सगळ्यांचे हात थांबायचे. मीही गप्प बसलो नाही. माझा लॅम्प जाणार असेल तर सामानवालेही उठतील, असं ऐकवलं. हे ऐकून कपडेपटाच्या थ्रप बाई सुई तोंडात धरून बाहेर आल्या.

"शेड सासूच्या डोक्यावर जाते ना? मग ती आमची. डोक्यावर जातं ते सगळं कपडेपटाचं."

साहेब टेबलाशी खाली बसले. "लॅम्प काढूनच टाकू," ते म्हणाले. मग त्यांनी हातातली संहिता चाळली. चौतीस पानं, आणि एकतीस पानांवर लॅम्प.

बाहेर प्रेक्षक म्हणून लूटनहून बसने आलेल्या बाया सँडविचं खात रांगेत उभ्या होत्या. सहा वाजता समेट झाला. लॅम्प पेटलेला असेल तोवर लव्हडेचा, विझला की माझा, शेड सुटली की थ्रप बाईंची. हे सगळं कागदावर आलं आणि तिघांनी सह्या केल्या.

"आता बल्ब काढून टाकला तर?" साहेबांनी विचारलं.

"बल्ब काढणं हे दिवेवाल्यांचं काम," लव्हडे म्हणाला, "आणि ते काम आजच्या यादीत नाही."

चित्रण सुरू झालं. पहिली दहा मिनिटं कोणी हसलं नाही. एक बाई खोकली तेवढंच. मग नटाचं कोपर बटणाला लागलं आणि लॅम्प पेटला. चित्रण थांबलं. मी आत गेलो, लव्हडे पांढरे हातमोजे घालून आला, मी लॅम्प त्याच्या हवाली केला, त्याने तो होता तिथेच ठेवला. पुढच्या वाक्याला नटाने लॅम्प विझवला. आम्ही पुन्हा आत. लूटनच्या बाया हसू लागल्या. शेड सुटली तेव्हा थ्रप बाई आल्या, आणि ती सासूच्या डोक्यावर बसेपर्यंत आम्ही तिघं ओळीत उभे होतो. समोर एका बाईला पाणी द्यावं लागलं. मला मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. मी माझं काम करत होतो.

चित्रण संपल्यावर हॅव्हरस्टॉक खाली आले. पर्किस साहेबांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता.

"नट ठीक आहेत," हॅव्हरस्टॉक म्हणाले. "पण ते तिघं लॅम्पवाले कोणाच्या डोक्यातून आले?"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मग दहा वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले, "माझ्या."

तेरा भाग मिळाले. आम्ही तिघं त्यांत हवे होतो. पण नटांच्या संघटनेने हरकत घेतली. अभिनय करणार तर नटच, सामानवाला नाही. म्हणून आमच्या जागी तीन नट आले आणि आठवडाभर आमच्यामागे फिरून आमची चाल शिकले. पहिला भाग लागला तेव्हा माझी बायको विनी बराच वेळ पाहत बसली आणि मग म्हणाली, "याला तू तुझ्यापेक्षा बरा जमतोस."

साहेबांनी पुढे वीस वर्षं लेखन आणि निर्मिती केली. बर्ट लव्हडे १९८३ च्या नोव्हेंबरात वारला. थ्रप बाई त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. डेस्मंड पर्किस १९९४ च्या मार्चमध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, हृदय बंद पडून वारले.