इनासची घाई

इनासने स्वतःच्या कबरीचा दगड आधीच कोरून घेतलाय. बायकोच्या शेजारी जागा, नाव, जन्मसाल, सगळं तयार. मरणाचं साल तेवढं कोरं. त्यातलेही पहिले दोन आकडे तरी कोरून ठेव म्हणून तो कारागिराशी अर्धा तास भांडला. कारागीर गोरा माणूस, घाबरून हो म्हणाला.

इनास माझा साडू. वसईहून आम्ही मागेपुढे कॅनडात विंडसरला आलो, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एकाच कारखान्यात राबलो. "आधी उरकलेलं बरं," हे त्याचं एकच तत्त्वज्ञान. झाडाचं एक पान गळायच्या आत त्याच्या गाडीला बर्फातले विंटर टायर चढलेले. रविवारी फादर यायच्या आधी हा चर्चच्या पार्किंगमध्ये, आणि मिसा सुरू झाली की घोरायला लागतो. नाताळचा केक ऑक्टोबरात कापतो. मी चौथी शिकलेला माणूस, पण केक कधी खायचा एवढं मला कळतं.

त्याची नात स्टेला बारावीत आहे. आईबाप दोघंही गेले, तेव्हापासून ती इनासकडेच. शाळेतल्या बाईंनी सांगितलं की शाळेत असतानाच कॉलेजचा एक विषय घेता येतो, पास झालं की दोन्हीकडे धरतात.

"म्हणजे शाळा सुटायच्या आधीच कॉलेज उरकायला सुरुवात?" इनासला स्वर्ग दोन बोटं उरला. त्याने तिला आजाऱ्यांची देखभाल शिकवणाऱ्या वर्गात घातलं. तिच्या व्हॉलीबॉलची वेळ नेमकी तीच. टीम सुटली.

मी त्याला मूर्ख म्हणालो. त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरकडे मी नेलं. फुप्फुसं संपत आलीत, पुढचा उन्हाळा दिसेलसं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाला. गाडीत बसल्यावर इनास म्हणाला, "पोरीला बोलायचं नाय. सगळं सोडून उशाशी बसेल. मी असेपर्यंत ती मार्गाला लागली पाहिजे."

त्यानंतर मी त्याला मूर्ख म्हणणं बंद केलं.

परवा दुपारी त्याच्या किचनमध्ये चहा घेत होतो. स्टेला आली, बॅग टाकली आणि उभ्याउभ्याच रडायला लागली.

"आजा, आय कान्ट डू धिस. तिथे सगळे मोठे आहेत. मला काही समजत नाही. शाळेचं पण राहतंय. मला ड्रॉप करायचंय."

"बाय, आजाचं ऐक जरा," मी म्हटलं.

"तू गप रे," इनास मला म्हणाला. "तुला कॉलेजातलं काय कळतं?" मग तिला विचारलं, "टीममध्ये परत घेतील?"

"कोच म्हणाली, येस."

"मग ड्रॉप कर."

तिचा विश्वास बसेना. "यू आर नॉट मॅड?"

"मॅड कशाला? कॉलेज कुठे पळून जातंय? पुढल्या वर्षी कर. नायतर त्याच्या पुढल्या."

"पण तूच म्हणत होतास ना, लवकर, लवकर."

"म्हणत होतो. तू सावकाश कर. मी थांबतो."

तिने त्याच्या टकलावर ओठ टेकले आणि कोचला फोन करायला जिन्याने वर पळाली. वरचं दार लागेपर्यंत इनासने खोकला दाबून धरला.