लाल दोऱ्याच्या लोंब्या

आमचे शेजारी हिराजीकाका पेंढा चावून बघतात. कुणाच्याही बांधावर उभं राहायचं, एक काडी तोंडात घालायची, डोळे मिटून चघळायची आणि निकाल द्यायचा. "कडू हाय. म्हशीला इचारलंस का?" हा त्यांचा कायमचा सवाल. मी नवा सोफा घेतला तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं.

तळोज्याकडच्या आमच्या नव्या इमारतीला लागूनच त्यांचं शेत. तीन म्हशी आणि त्यांच्यासाठी खास भात. "मानसांचा तांदूल दुकानान मिलतं. म्हशींचा कोन पिकवनार?" हा भात छातीइतका उंच, पानं भरगच्च, पेंढा गोड. पण पिकायला उशीर, लोंबी बोटभर आणि दाणे नावाला. त्यामुळे पुढच्या पेरणीच्या बियाण्याची दरवर्षी बोंब. चार वर्षं काका जरा जास्त दाण्यांची रोपं हेरून त्यांचंच बी पुढे धरत होते. फुलोऱ्याच्या दिवसांत तर शाळेच्या रिक्षांना हात करून थांबवायचे, "हॉर्न नको, फुलोरा हाय!" रिक्षावाले हसायचे. खोटं कशाला बोलू, मीही हसायचो.

कामोठ्यात राहणारे त्यांचे दोन मुलगे जमीन आणि म्हशी विकायच्या मागे लागले होते. काकांनी त्यांच्याकडून एकच वर्ष मागून घेतलं होतं. "यंदा चांगले दान्याचा बी हातान आला नाय तर इकू."

दसऱ्याच्या सकाळी बायको म्हणाली, तोरणाला भाताच्या लोंब्या हव्यात, बाजारातल्या पार सुकल्यात. मी खाली उतरलो. काकांच्या शेतात नऊ रोपांना लाल दोरे बांधलेले, लोंब्या चांगल्या वीतभर. मला वाटलं, वा, काकांनी सणासाठीच राखून ठेवल्यात! एक हाक मारली. काका गोठ्यात असावेत, ओ आली नाही. शेजाऱ्याला काय विचारायचं, म्हणत मी त्या खुडल्या. एकही मागे ठेवली नाही.

संध्याकाळी काका सोनं द्यायला आले आणि दारावरचं तोरण बघून थबकले. मी मूर्ख, वर फुशारकीने म्हणालो, "तुमच्याच आहेत काका! दोरे बांधून ठेवलेल्या."

काकांनी हात वर करून एक दाणा नखाने दाबला. पांढरं दूध निघालं.

"आजून दुधान हाय," ते हळूच म्हणाले. "रुजनार नाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, लाल दोरे बियाण्याच्या रोपांना होते. या माणसाची चार वर्षं मी आंब्याच्या पानांबरोबर ओवून दाराला टांगली होती. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी धडपडत स्टूल आणलं आणि तोरण सोडवायला लागलो.

"ऱ्हाऊ दे. दसऱ्याचा तोरन उतरवाचा नाय." ते वरच बघत होते. "माजे शेतातला भात कुनाचे दारावर लागून किती वर्सं झाली. पोरांचे घरी प्लास्टिकचा असतं."

मी स्टूलवरून खाली उतरलो.

"फोटो काढ." टोपी सारखी करून काका तोरणाखाली उभे राहिले. "थोरल्याला धाड. लिव, बाबाचे शेतातला हाय."

मी मोबाइल धरला. दोन फोटो हललेच.

"आनि बी गेल्याचा लिवू नको," काका म्हणाले. "आज सन हाय. उद्या मीच सांगन."