गणूचा बाप आणि कुत्रीचं लग्न

"गणूला बाप मिलाला का, तेवढं बघू दे, मग मी मोकला," असं दामाजी म्हणाला आणि त्याच्या लेकाने, उत्तमने, नजर चुकवली. कारण कल्याणच्या डॉक्टरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता दिवाळीचा भरवसा धरू नका. घरात मात्र उत्तमने 'वात आहे' एवढंच सांगितलं होतं.

हा गणू म्हणजे टीव्हीवरच्या एका जपानी कार्टूनातला पोरगा. त्याचं खरं नाव दामाजीच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याने आपल्या मनाने बारसं करून टाकलं. गणूचा बाप समुद्रात हरवलेला, आणि पोरगा एकटा होडी घेऊन त्याला शोधत निघालेला. जन्मभर डोंबिवलीच्या खाडीत होडी हाकलेल्या दामाजीला अंथरुणावर पडल्या पडल्या त्या पोराचा लळा लागला. आणि नेमकी तेव्हाच, बाप सापडायच्या आधीच, मालिका बंद झाली. म्हातारा दोन दिवस धड जेवला नाही.

उत्तम राहायला ठाण्याला, वर्तकनगरात. आईबापांकडे त्याची फेरी सणासुदीला, तीही घड्याळात बघत. पण बापाची ही शेवटची इच्छा म्हटल्यावर तो पेटला. कल्याणच्या त्र्यंबकने आपल्या व्हिडिओ लायब्ररीसाठी ती अख्खी मालिका, पूर्वी एकदा लागली होती तेव्हाच, टीव्हीवरून उतरवून ठेवली होती. उत्तमने बायकोच्या, चित्राच्या माहेरून व्हीसीआर आणला आणि दोघं लायब्ररीत जाऊन थडकली. कॅसेटींची चळत बघून उत्तमला घाम फुटला.

"एवढं? दिवाळीच्या आत संपेल का हे?"

"निम्मं भरताड आहे हो," त्र्यंबक म्हणाला. "पंगतीला माणसं वाढली की वरणात पाणी ओततात ना, तसं. मालिका चालली, मग लांबवली. तेवढं गाळा."

काय गाळायचं यावर काउंटरवरच सभा भरली. ज्या भागात बापाचा शोध पुढे सरकत नाही तो भाग बाद, असा उत्तमने नियम केला. वादळात फाटलेलं शीड शिवायचा भाग बाद. गणूला ताप येतो तो बाद. होडीतल्या कुत्रीच्या लग्नावर मात्र चित्रा अडून बसली.

"अहो, किती गोड आहे ते!"

"बाबांनी काय कुत्र्यांची लग्नं बघत बसायचं? बाद!"

झालं. उत्तम रोज संध्याकाळी कामावरून सुटला की कल्याण गाठायचा, कॅसेट बदलायचा, उलटा डोंबिवलीला यायचा आणि बापाच्या उशाशी बसायचा. गणूची होडी सुसाट सुटली. पण खाडीवरच्या माणसाला होडीच्या बाबतीत फसवणं म्हणजे सोनाराला पितळ विकणं.

"थांब," दामाजी म्हणाला. "काल शीड फाटलेलं. आज नवं कसं?"

"शिवलं असेल मध्ये."

"मध्ये म्हंजे कवा? शीड शिवाला दिवस जातो, बाबा."

उत्तमने वेळ मारून नेली. पण दुसऱ्या दिवशी पडद्यावर होडीत कुत्री आली आणि तिच्यामागून तीन पिल्लं. भागीरथीने, म्हणजे उत्तमच्या आईने, पदर तोंडाला लावला.

"अगो बाय! हिचं लगीन कवा झालं?"

"झालं... गावाकडे," उत्तम म्हणाला.

भागीरथी हसून हसून बेजार झाली. दामाजी हसला नाही. तो लेकाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"उत्तम, डॉक्टर काय बोलला?"

"वात आहे बोलला."

"वाताला कोण येवढी घाई करतं रे?"

उत्तमने मान खाली घातली. झाकायला गेला आणि त्यानेच सगळं उघडं केलं.

त्या दिवसापासून म्हाताऱ्याला नवीनच खोड लागली. गोष्ट रंगात आली की तो घोरायला लागे. भाग संपला की डोळे उघडून म्हणे, "मना झोप लागली. उद्या परत लाव." होडी पुन्हा मागे. तरी ढकलत ढकलत उत्तम शेवटच्या कॅसेटीपर्यंत पोचला. ती पिशवीत घालून घरी आणली, हातपाय धुऊन आला, बघतो तर पिशवी रिकामी.

"रिक्षात राहिली असंल," भागीरथी म्हणाली.

उत्तम रिक्षा स्टॅंडवर पळाला. रिक्षावाला आनंद शीळफाट्याला राहतो असं कळलं, तर तो शीळफाटा गाठून आला. आनंदने सीट उचकटून दाखवली. सीटखाली एक चप्पल निघाली, कॅसेट नाही. त्र्यंबक म्हणाला, "माझ्याकडे एकच होती." ठाण्यातल्या लायब्रऱ्या पालथ्या घातल्या, तिथे गणूचं कुणी नावही ऐकलं नव्हतं. उत्तम रडकुंडीला आला.

"मिलंल रे," दामाजी शांतपणे म्हणाला. "तवर ते मधले गाललेले भाग आण."

मग उत्तम ते भरताड आणू लागला. शीड शिवताना दामाजी टाके कुठे चुकले ते सांगे. त्यावरून आपल्या बापाच्या, गोमाजीच्या होडीच्या गोष्टी निघत, ज्या उत्तमने कधी ऐकल्याच नव्हत्या. आता म्हातारा अजिबात घोरत नव्हता. कुत्रीच्या लग्नाला तर चित्राही आली आणि भागीरथीने मंगलाष्टका म्हटल्या. दामाजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. त्यानंतर दोन दिवसांनी, उत्तमचा हात हातात असताना, तो गेला. बापाची एक इच्छा आपल्याला पुरी करता आली नाही, ही बोच उत्तमला सलत राहिली.

तेरावं झालं. घरात पुन्हा मासळी शिजायची होती, म्हणून भागीरथीने सुक्या बोंबलांचा डबा काढला. डॉक्टरने खारं बंद केल्यापासून त्या डब्याला कुणी हात लावला नव्हता. तिने वरचे बोंबील बाजूला केले आणि खालून कॅसेट काढून लेकापुढे ठेवली.

उत्तम बघतच राहिला. "आई! मी शीळफाट्यापर्यंत जाऊन आलो!"

"ठावं हाय. तू गेलास आन् तो हसत बसला." भागीरथीने पदराने कॅसेट पुसली. "त्यानंच लपवाला लावली. बोलला, गणूला बाप मिलाला का मंग उत्तम यायचा बंद होल."

उत्तमला हुंदका आवरेना. इतके दिवस तो बापाला शेवट दाखवायला धावत होता, आणि बाप शेवट लांबवत होता. भागीरथी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बोंबलाच्या वासाचा तो हात त्याला दूर सारवेना.

"लाव आता," थोड्या वेळाने ती म्हणाली. "बघू, मिलाला का."

उत्तमने कॅसेट उचलली, उलटसुलट केली आणि पुन्हा डब्यात, बोंबलांच्या खाली ठेवली.

"गणूच्या तापाचा भाग राहिलाय अजून," तो म्हणाला. "उद्या आणतो."

"उद्या येशील?"

"येणार तर."

भागीरथीने डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि काढलेले बोंबील भिजत घातले.