शेवाळावर धरलेली छत्री

मे महिन्यातली भर दुपार. गच्चीवर एक माणूस छत्री उघडून उभा आहे. छत्री त्याच्या डोक्यावर नाही. ती पाण्याच्या टाकीखालून उघड्यावर माजत आलेल्या शेवाळावर धरलेली आहे आणि हा स्वतः उन्हात भाजून निघतो आहे. हे आमचे वाघमोडे सर. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि आमच्या सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, माझ्या समोरच्या घरात एकटेच राहायचे.

तेव्हा हे शहर औरंगाबाद होतं. चिकलठाण्याला नवनवे कारखाने उभे राहत होते, रिक्षावाल्यांनासुद्धा कंपन्यांची नावं पाठ झाली होती. आणि अशा धावत्या काळात हा गृहस्थ टाकीखाली उकिडवा बसून भिंग लावायचा. "देवगाव रंगारीकडच्या धनगराचं पोर, मेंढरं सोडून शेवाळ राखायला लागलं," असं मी चारचौघांत म्हणायचो. लोक हसायचे. मी सोसायटीचा चिटणीस होतो, माझ्या विनोदाला हसावं लागे.

"खरवडून बघा की जरा!" हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्यासमोर सुरण घेताना तेच, आणि कुणाच्या मुलीसाठी स्थळ आलं तरी तेच. मात्र जग खरवडायला निघालेला हा माणूस टाकीखालच्या शेवाळाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्यावर त्यांनी खिडकीची जुनी काच अर्ध्या भागात आडवी ठेवली होती.

"बघा साहेब, काचेखालचं हिरवं, उघड्यावरचं तपकिरी. कशानं?"

"घाण आहे म्हणून."

"नाय हो! उन्हात डोळ्यांना न दिसणारा एक जाळ असतो. अतिनील म्हणतात त्याला. जिवाच्या आतली सगळी वीण उसवतो तो. काच त्यातला बराचसा अडवते. उघड्यावरच्याला कोण हाय? मग ते आपलं आपण रंग तयार करून अंगावर घेतं. वरचा थर करपतो अन् त्याच्या सावलीत खालचा हिरवा राहतो. उसवलेलं परत शिवून बी घेतं. अन् आपण म्हणतो घाण! लई सोपंय."

मी जांभई दिली.

टाकीशेजारी सोसायटीची एक खोली होती. तिथं खरात राहायचे, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलं तेव्हा खरात उघडपणे नामांतराच्या मोर्च्यांत जायचे. खेड्यांतून दलितांच्या वस्त्या जाळल्याच्या बातम्या यायला लागल्या आणि आमच्या जिन्यात कुजबुज सुरू झाली. 'हे लोक आपल्यात नकोत' असं कुणी म्हणालं नाही. आम्ही शिकलेले होतो. मी फक्त सुचवलं, की गच्ची गळते, तिला डांबर लावू. कामापुरती खोली रिकामी करावी लागेल. ती पुन्हा कुणाला द्यायची नाही, हे न बोलता सगळ्यांना कळलं.

गच्चीच्या कामाला सगळ्या सभासदांची संमती लागे. सभेत सगळ्यांनी दिली. वाघमोडे सर म्हणाले, "माझं शेवाळ हलणार नाय."

"अहो, माणसांच्या घरात पाणी गळतंय!"

"गळू द्या. माझा प्रयोग अर्धवट हाय."

तळमजल्यावरचे पाटीलकाका ओरडले, "सर, येळेवर बायको केली असती, तर शेवाळाशी संसार करायची पाळी नसती आली!"

सभा खो-खो हसली. सरही हसले. संमती मात्र दिली नाही.

त्या दिवसांत कॉलेज बंद होतं. खरात पहिल्या पाळीला गेले, की त्यांची बायको शांताबाई वर एकटी असे. आणि सर छत्री घेऊन गच्चीवर. एकदा चार-पाच अनोळखी पोरं जिना चढून आली. "वर कोण राहतं?" सर छत्रीसकट जिन्याच्या तोंडाशी आडवे आले.

"शेवाळ राहतं. या, दाखवतो."

त्यांनी त्या पोरांना तिथंच उन्हात उभं करून अतिनील किरणांवर असं काही व्याख्यान झोडलं, की ती "येडं हाय बे, चल" म्हणत उतरली. मी दाराच्या फटीतून पाहिलं, कडी लावली आणि आत बसून हसलो.

ही गोष्ट इतकी वर्षं मी लग्नाकार्यांत इथपर्यंतच सांगत आलो. सांगायची राहिली ती पुढची.

वातावरण निवळलं. खरातांनी वाळूजकडे स्वतःचं घर बांधलं. सामान उतरवताना शांताबाई माझ्यापुढं थांबल्या. "साहेब, आता लावा डांबर गच्चीला." मग सरांकडं वळून म्हणाल्या, "सर, जेवायला येत जावा. उन्हानं काळे ठिक्कर पडलात."

दुसऱ्या दिवशी वर खरखर ऐकू आली. सर तारेच्या घासणीनं शेवाळ काढत होते.

"प्रयोग संपला?"

"कवाच. पहिल्याच उन्हाळ्यात."

माझी नजर खरातांच्या रिकाम्या खोलीकडं गेली. काचेखाली ताटलीएवढं हिरवं त्यांनी ठेवलं होतं.

"मग हे कशाला?"

"राहू द्या. आता वर बोलायला कुणी नाय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कोपऱ्यातली छत्री उचलून उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. "असे उघडे उभे राहू नका, साहेब. ऊन लई हाय."