भानुदासमामांचा भागीचा टेम्पो

भानुदासमामांना कुठलंच ठिकाण आडवाटेला वाटत नसे. माल चिकलठाण्याच्या कारखान्यात न्यायचा असो की पार दुसऱ्या टोकाला पडेगावला, "वाटंतच हाय की!" म्हणून ते टेम्पोचं फळकं पाडायचे. मुकुंदवाडीत आमची भिंतीला भिंत. वडिलांची मेंढरं विकून त्यांनी टेम्पो घेतला होता. त्यामुळं की काय, गर्दीत हॉर्न सोडून तोंडानंच "हुर्र, हुर्र" करायचे.

अर्धी भरलेली गाडी हलवणं त्यांच्या जिवावर यायचं. चार दुकानांचा माल ते एकाच फेरीत बसवायचे. गुलमंडीच्या बाजाराच्या तोंडाशी टेम्पो थांबायचा, पुढं बोळाबोळांतून धंद्यातल्या जोडीदाराची, सखारामची हातगाडी. मामा एकटे राहायचे, दोघांच्या भाकरी तेच थापायचे. माझं नवं लोखंडी कपाट मिरचीच्या पोत्यांशेजारी बसून आलं. बायको दार उघडून शिंकत सुटली. मामा म्हणाले, "वहिनी, आता कापडाला कसर लागायची नाय!"

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली. सखाराम दलित वस्तीतला, नामांतराच्या मोर्चात पुढं असायचा. गावाकडं त्याच्या भावाचं घर जाळलं. भावाच्या घरची माणसं आणायला मामाच टेम्पो घेऊन गेले. परत आले तर बाजाराचा सूर बदललेला.

एक दुकानदार माझ्यासमोरच म्हणाला, "मामा, तेवढा सखाराम गाळा. बाकी तुमचं चालू द्या."

"म्हंजे निम्मी गाडी गाळा म्हणता व्हय?" मामा म्हणाले.

ते दुकानादुकानांत हात जोडत फिरले. कुणी चहा पाजला, माल कुणी दिला नाही. शेवटी सखारामच म्हणाला, "मामा, माझ्यापायी तुमी उपाशी मरू नका," आणि भावाच्या कुटुंबासह नाशिकला निघून गेला. तरीही मामांनी तो बाजार पुन्हा धरला नाही. टेम्पो विकून एका कारखान्याच्या फाटकावर राखणदार झाले.

बरीच वर्षं गेली. एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी मला हाक मारली. चूल पेटलेली, भाकरीची चवड.

"तुमी पेपर वाचता. औंदा व्हईल का वो नामांतर?"

मामा कधी राजकारण बोलत नसत.

"जाताना सखाराम म्हणला, नामांतर झालं की येतो."

मामांनी दुसरी ताटली धोतरानं पुसून पुढं सरकवली. "बसा. मला एकट्यापुरतं रांधायला अजून जमत नाय."